शनिवारचं वजन

“सर, तुम्ही खोटं बोलत नाही, असं मी मॅडमना ठामपणे सांगितलंय,” रसिका म्हणाली, आणि नेमका तेव्हाच उत्तमच्या पोटातून ढेकर वर आला. त्याने तो गळ्यापाशी अडवला. ओठ मिटले, मान खाली घातली, पण तो गोड, तिखट वायू नाकात शिरून झोंबलाच आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रसिकाला वाटलं, सरांना भरून आलं. तिने टेबलावरचा टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला. उत्तमने एक कागद ओढून तोंडावर धरला आणि त्याच्याआड तो ढेकर थोडा थोडा करून सोडून दिला. वय साठ, डोक्यावर केस बेताचे, कारखान्यात लोक ‘पेंडुरकर साहब’ म्हणतात, आणि इथे एका तिशीच्याही आतल्या मुलीसमोर आपण ढेकर लपवत बसलोय, हे त्याला फार लाजिरवाणं वाटलं. त्याहून लाजिरवाणं हे, की ती त्याच्याकडे पाहत होती ते मायेने.

दहा मिनिटांपूर्वी तो याच इमारतीच्या जिन्यात उभा होता. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधली ही जुनी इमारत; खाली केमिस्ट, शेजारी फरसाणवाला, दुसऱ्या मजल्यावर वजन कमी करायचं हे केंद्र, आणि रसिका तिथली नवी आहारतज्ज्ञ. जिन्याच्या मधल्या वळणावर विजेच्या मीटरचं लाकडी कपाट आहे. त्याच्या आडोशाला उभं राहून त्याने सहाशे मिलिलिटरची कोल्ड्रिंकची बाटली चार दमांत रिकामी केली होती. सहाशे मिलिलिटर म्हणजे काट्यावर सहाशे ग्रॅम, हा शोध त्याचा स्वतःचा. भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला वजनातलं एवढं कळणारच. बाटली तिथेच कपाटामागे टाकून, तोंड पुसून, तो वर आला होता, आणि काट्याने एक्क्याण्णव किलो तीनशे दाखवल्यावर रसिकाचा चेहरा पडलेला बघून आपणही चेहरा पाडून खुर्चीत बसला होता.

“मॅडमचं म्हणणं, पेशंट सगळं सांगत नाहीत. मी म्हटलं, बाकीच्यांचं माहीत नाही, पण पेंडुरकर सर पोह्यांत शेंगदाणे किती पडले तेसुद्धा सांगतात.” रसिका बोलता बोलता फाइलची पानं उलटत होती. “चूक माझीच कुठेतरी होतेय. अकरा आठवडे इतकं छान उतरलं, ठरवलेल्या अठ्ठ्याऐंशीला नऊशे ग्रॅमच राहिले होते, आणि मग सात आठवडे वरच चाललंय. थायरॉइड नॉर्मल आलं. मी कॉलेजची पुस्तकं पुन्हा काढली सर. रात्र रात्र वाचतेय, पण कळतच नाहीये.” मग जरा थांबून, पडद्याबाहेर केंद्र चालवणाऱ्या क्षितिजा मॅडम नाहीत ना याचा अंदाज घेऊन, ती हळू म्हणाली, “पुढच्या शनिवारी तुमचं वजन मॅडम स्वतः बघणार आहेत. माझे ट्रायलचे सहा महिने आता संपतायत ना. त्या म्हणाल्या, जमत नसेल तर रिसेप्शनला बस, फोन घे. मी काही मुद्दाम सांगत नाहीये तुम्हाला. प्रेशर घेऊ नका.” आणि तिने शेवटचा उपाय म्हणून त्याचं रात्रीचं जेवण बंद केलं. सातनंतर फक्त ताक.

उत्तम ‘बरं’ म्हणाला. बाहेर बाकावर पर्ल बसली होती. उत्तनहून बसने येणारी, सत्तरीची, फुलाफुलांच्या झग्यातली जाड बाई. दर शनिवारी त्याच्यानंतर तिचा नंबर असायचा. “उतरला का काय?” तिने नेहमीसारखं मोठ्याने विचारलं. त्याने मान हलवली. “माजाबी न्हाय,” ती म्हणाली आणि एवढ्या प्रसन्नपणे हसली की त्याला तिथून पळ काढावासा वाटला.

रस्त्यावर ऊन होतं. पोटात सहाशे मिलिलिटर डुचमळत होते. चालता चालता त्याला तिचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. तुम्ही खोटं बोलत नाही. आणि गंमत म्हणजे, तो खोटं बोलत नव्हताच. एवढे आठवडे त्याने या मुलीला आपल्या पोटात गेलेला प्रत्येक घास सांगितला होता. फक्त एक गोष्ट सांगितली नव्हती. ती खाण्याची नव्हती, पिण्याची होती. आणि ती नेहमी ‘काय खाल्लंत’ असंच विचारायची, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. पण हे असलं वकिली समाधान फरसाणवाल्याच्या दुकानापर्यंतही टिकलं नाही.

सोळा महिन्यांपूर्वी त्याची बायको सुचेता पुण्याला मुलाकडे गेली ती सहा आठवड्यांसाठी. कौस्तुभला मुलगी झाली, सून आयटीत, तिची रजा संपली, मग पाळणाघर मनासारखं मिळेना, मग छोट्या सान्वीला सारखी सर्दी, आणि सहा आठवड्यांचे सोळा महिने कधी झाले ते कुणी ठरवलंच नाही. उत्तमची नोकरी निवृत्तीनंतरही मालकाने चालू ठेवली होती. तो म्हणाला, तू जा, माझं काय, मी करीन. हे वाक्य त्याने इतक्या बेफिकीरपणे टाकलं की सुचेताने ते तसंच उचललं. त्यांच्या घरात ही रीतच होती. तिला बरं नसलं तर ती ‘काही नाही हो, जरा कणकण’ म्हणायची, आणि त्याला काही झालं तर तो तेवढंही म्हणायचा नाही. रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल यायचा. पडद्यावर सान्वीचं कपाळ, मग छत, मग पंखा, मग पुन्हा कपाळ. मागून सुचेताचा आवाज, “जेवलात ना?” त्यात उत्तर आधीच घातलेलं असायचं, त्याला फक्त ‘हो’ म्हणायचं असे. कसं चाललंय? ठीक. मग सान्वी पेंगायला लागली की फोन बंद, आणि दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि फ्रिजचा तो घुर्र आवाज. बायकोची आठवण येते हे सांगण्याचं काही वय असतं का, आणि ते सांगायचं झालं तर कोणत्या शब्दांत, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

कोल्ड्रिंकची सुरुवात त्याच दिवसांतली. डब्याची भाजी घशाखाली उतरेना म्हणून एकदा त्याने खालच्या चंदनच्या दुकानातून बाटली आणली. झाकण पिळलं आणि तो फस्स आवाज झाला. रिकाम्या घरात तो आवाज एवढा मोठा वाटला की त्याने मागे वळून पाहिलं. मग काचेचा ग्लास घेतला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सहातला एक, आणि त्यात ते ओतलं. बुडबुडे वर येत होते, फुटत होते, ग्लास कानाशी धरला तर बारीक कुजबुज ऐकू येत होती. त्याला एकदम काळाचौकीची दहा बाय बाराची खोली आठवली. पाहुणे आले, म्हणजे घामाने भिजलेले मोठे मामा किंवा आत्याचे यजमान, की वडील डोळ्याने खूण करत आणि उत्तम तारेची टोपली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात धावे. मोजून पाहुण्यांपुरत्याच बाटल्या. पाहुणे पीत, घरचे बघत. वडील तर ‘मला घसा धरतो’ म्हणून चक्क नाही सांगत. पण रीत अशी, की पाहुण्याने तळाला बोटभर ठेवायचं. पाहुणे गेले की ती बोटभर उष्टी बाटली तिघा भावंडांत फिरे. तोवर ती कोमट झालेली असे, फसफस मरून गेलेली असे, नुसता गोड पाक. तरी त्या संध्याकाळी घरात काहीतरी घडलेलं असे. कुणीतरी आलेलं असे. आणि आता, मीरा रोडच्या चौथ्या मजल्यावर, अख्खा ग्लास हातात धरून बसलेल्या उत्तमला वाटलं, कुणीतरी आलंय. तो स्वतःच यजमान होता आणि स्वतःच पाहुणा. ग्लास संपल्यावर त्याने दुसरा भरला.

वर्ष सरता सरता रोजच्या दोन बाटल्या झाल्या. पँटचं बटण लागेना, मग पट्टा पोटाखाली गेला, मग बुटाची नाडी बांधताना श्वास अडकायला लागला. कौस्तुभ एकदा कॉलवर म्हणाला, “बाबा, स्क्रीनमध्ये मावत नाही आहात,” आणि हसता हसता गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने ऑनलाइन या केंद्रात बापाचं नाव घातलं. नव्याण्णव किलो चारशे. पाटीवर लिहिलं होतं, ‘वजन उतरेपर्यंत आम्ही सोबत’. म्हणजे असं, की ठरवलेल्या आकड्याला माणूस पोचेपर्यंत दर शनिवारी यायचं, आणि पोचला की भिंतीवर फोटो, आणि मग महिन्यातून एक मेसेज.

पहिल्या शनिवारी रसिकाने त्याला फळीवरच्या बाटल्या दाखवल्या होत्या. रिकाम्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या, आणि प्रत्येकीत जेवढी साखर त्या पेयात असते तेवढी भरलेली. सहाशेच्या बाटलीत बारा-तेरा चमचे. “एवढी साखर कुणी वाटीत घालून दिली तर आपण खाऊ का सर? पण पिताना कळत नाही. पोटही भरत नाही, जेवण तेवढंच जातं, आणि हे वरून.” त्याने बाटली हातात घेतली, हलवली. पांढरी साखर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकली. त्याच दिवशी त्याने कोल्ड्रिंक सोडलं. इतकं सोपं कसं गेलं याचं त्यालाही नवल वाटलं. पण कारण सरळ होतं. रसिकाने वही उघडली आणि म्हणाली, “आता रविवारी सकाळी उठल्यापासून सांगा.” तो म्हणाला, चहा. ती म्हणाली, “कितीला? कोणी केला? मग?” आणि पेन हातात धरून थांबली. वर्षभरात त्याला ‘मग?’ असं कुणी विचारलं नव्हतं. तो सांगत गेला. सोमवार, मंगळवार. कधी काय, किती, कशाबरोबर. तिने सगळं लिहून घेतलं, जणू त्यात लिहिण्यासारखं काही होतं.

मग तो सांगता यावं म्हणून स्वयंपाक करायला लागला. डबा बंद केला. पोहे केले, ते लगदा झाले, शनिवारी सांगितल्यावर ती हसून म्हणाली, “भिजत ठेवलेत ना? नुसते धुवून निथळायचे असतात.” पुढच्या आठवड्यात पोहे मोकळे झाले. ते त्याने दोन दिवस मनात जपून ठेवले, तिला सांगायला. नाचणीची भाकरी थापताना हाताला चटका बसला तर आधी विचार आला तो शनिवारचा. ती नवघरची होती, आईबरोबर राहायची, आईच्या हातची चवळीची उसळ कशी ते तिने एकदा सांगितलं होतं. यापलीकडे त्याला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. प्रेमबीम असलं काही नव्हतं. असा कुणाला संशय आला असता तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्याला फक्त आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, कुणाच्या तरी समोर आपला आठवडा ठेवायचा होता.

अकराव्या शनिवारी काट्याने अठ्ठ्याऐंशी किलो नऊशे दाखवलं आणि रसिकाने टाळी वाजवली. “दोन आठवड्यांत संपलं बघा सर! फोटोला चांगला शर्ट घालून या.” लोक वजन उतरलं की हलके होतात, याला मात्र पोटात दगड ठेवल्यासारखं झालं. चंदनच्या दुकानासमोर तो थांबला. “क्या अंकल, बहुत दिन बाद! वही वाला?” चंदनने विचारलं. त्याने होय म्हटलं. झाकण पिळताना त्याला आपण काय करतोय ते पूर्ण कळत होतं. चूक नकळत झाली असं तो पुढे कधीच म्हणू शकला नाही.

आणि आता ही मुलगी रात्र रात्र पुस्तकं वाचत होती. उत्तम घरी पोचला, पलंगावर आडवा झाला. सात आठवडे त्याने तिचे शनिवार चोरले असं नाही, त्याने तिचं शिकलेलं चोरलं होतं. बरोबर उत्तर लिहिलेल्या मुलीला तो पुन्हा पुन्हा चूक म्हणत होता. त्याला स्वतःचा इतका राग आला की उठून त्याने फ्रिजमधली उरलेली बाटली सिंकमध्ये ओतली. फेस वर आला, भांड्यांवर चढला, आणि बराच वेळ चुरचुरत राहिला. तेवढ्यात सुचेताचा फोन आला. अवेळी. “काही नाही, सान्वी झोपलीय म्हणून केला,” ती म्हणाली. त्याला वाटलं, आत्ता सांगावं. सुचेता, मी इथे फार एकटा पडलोय, आणि त्यापायी एका मुलीचं वाटोळं करायला निघालोय. तो म्हणाला, “पाणी येतंय का तिकडे नीट?” ती म्हणाली, “येतं की.” मग ती म्हणाली, “ठीक आहात ना?” आणि तो म्हणाला, “मला काय धाड भरलीय.”

तो आठवडा लांबला. कोल्ड्रिंकवाचून दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं, तिसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये बोल्टची पेटी पुढ्यात घेऊन तो कामगारावर उगाच खेकसला, “दिखता नहीं क्या?” आणि मग त्याला चहा पाजला. संध्याकाळी सातच्या सुमाराला जिभेच्या मुळाशी काहीतरी मागणी सुरू व्हायची. ती तहान नव्हती. तहान पाण्याने जाते. खालून जाताना चंदन हाक मारायचा, “अंकल, ठंडा रखा है!” आणि उत्तम मान खाली घालून लिफ्टकडे वळायचा. रात्रीचं जेवण मात्र त्याने सोडलं नाही. एक भाकरी, भाजी, वाटीभर डाळ रोज केली आणि रोज खाल्ली, कारण ते बंद करण्याचं कारणच नव्हतं हे सबंध मीरा-भाईंदरात एकट्या त्यालाच माहीत होतं. बेत साधा होता. शनिवारी वजन उतरलेलं दिसेल, मॅडम खूश, रसिका कायम. तो कुणाला काहीच सांगणार नाही. आणि आकडा काही अठ्ठ्याऐंशीला लगेच पोचणार नव्हता. म्हणजे आणखी तीन-चार शनिवार, तेही आता चोरी न करता, त्याला मिळणारच होते. शुक्रवारी त्याने शर्टाला इस्त्री केली तेव्हा तो गुणगुणत होता.

शनिवारी तो जिन्यात न थांबता वर गेला. बाकावर पर्ल आधीच आलेली. आज तिचा चेहरा उतरलेला होता. “बुधवारी मेलेच असते बग मी,” ती म्हणाली. “लग्नाच्या घरी गेलते, जेवान लय उशिरा. इंजेक्शन घेतलेला, न् पोटात काय न्हाय. घाम सुटला, हातपाय कापाया लागले, डोळ्यापुढं काळोख. ॲलननं, माज्या नातवानं, तोंडात साखर कोंबली तवा शुद्धीवर आले.” तिने क्रॉसची खूण केली. “आज सांगनार हाय पोरीला. वरडंल मला.” उत्तमने ‘जपा बाई’ म्हटलं आणि त्याचं नाव पुकारलं गेलं.

क्षितिजा मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, रसिका शेजारी उभी. मॅडमचं वागणं तसं वाईट नव्हतं, फक्त घाईचं होतं. दोन केंद्रं सांभाळणाऱ्या बाईचं असतं तसं. उत्तम काट्यावर चढला. आकडे हलले, थांबले. एकोणनव्वद किलो सहाशे. रसिकाने तोंडावर हात ठेवला. “एक किलो सातशे!” ती जवळजवळ ओरडली. “एका आठवड्यात! मॅडम, बघा!” तिचे डोळे भरले होते आणि यावेळी ते खरोखरच भरून आलेलं होतं. उत्तमला एकदम इतका आनंद झाला की तो काट्यावरून उतरायचंच विसरला. आपल्या हातून कुणाचं तरी भलं झालं, असं त्याला फार दिवसांनी वाटलं.

“काय बदललं होतंस?” मॅडमनी फाइल ओढून घेत विचारलं. “रात्रीचं जेवण बंद. सातनंतर फक्त ताक,” रसिका म्हणाली. “सरांनी तंतोतंत पाळलं.” मॅडमनी मान डोलावली. “गुड. मग अडलेल्या सगळ्या फाइल्सना हेच लाव. पुढे कोण आहे? पर्ल ना? तिचंही दोन महिने हलत नाहीये. तिला आजपासूनच दे.” रसिका जरा चाचरली. “मॅडम, त्या इन्सुलिनवर आहेत.” “अगं, ताक आहे ना. सरांचं उतरलं, मग? एवढं घाबरून कसं चालेल तुला?” रसिकाने फाइलकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि सात आठवड्यांत स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावलेली ती मुलगी म्हणाली, “हो मॅडम. देते.”

पडद्याच्या फटीतून पर्लची चप्पल दिसत होती, तिच्यातला सुजलेला पाय दिसत होता. गप्प राहिलं तर सगळं तसंच राहणार होतं, शनिवार, ती वही, ते ‘मग?’. उत्तमने मनात हेही म्हणून पाहिलं, की पर्ल स्वतःच सांगेल बुधवारचं, तेव्हा कळेल यांना. पण न सांगितलं तर? वरडतील म्हणून शेवटच्या क्षणी तिने गिळून टाकलं तर? त्याच्याइतकं हे कुणाला माहीत होतं, की माणूस नेमकी तीच गोष्ट सांगत नाही?

“मी रात्री जेवत होतो,” तो म्हणाला.

दोघींनी वर पाहिलं. “रोज जेवलो. भाकरी, भाजी, डाळ. पर्लबाईंचं जेवण बंद करू नका. त्या बुधवारी चक्कर येऊन पडल्यात, बाहेर सांगत होत्या.” आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, सगळं बाहेर आलं. कोल्ड्रिंक. रोजच्या दोन बाटल्या. सात आठवडे. जिन्यातल्या मीटरच्या कपाटामागची ती सहाशेची बाटलीसुद्धा. “मी ह्या आठवड्यात फक्त ते सोडलं. हिचा चार्ट पहिल्यापासून बरोबर होता. हिचं काहीच चुकलं नाही, मॅडम.”

खालून फरसाणवाल्याच्या कढईचा वास येत होता. “पण कशासाठी?” मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच समजत नव्हतं. “मुलाने नाव घातलं, तुम्ही आलात, उतरवलंत, आणि मग परत? चटक लागली म्हणता?” चटक लागली असं म्हणणं सोपं होतं. तेवढ्यावर सुटका झाली असती. “वजन उतरलं की इथलं येणं संपतं,” उत्तम म्हणाला. त्याचा आवाज त्याला अनोळखी वाटला. “घरी कुणी नसतं. आठवडाभरात दुसरं कुणी विचारत नाही मला. ते संपू नये म्हणून.”

मॅडमना हसू आलं आणि ते त्यांनी लगेच आवरलं. रसिका हसली नाही. तिने हळूच फाइल मिटली. “मला वाटलं होतं, मला काही येतच नाही,” ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता, फाइलच्या दोरीशी बोलल्यासारखं. “आईला सांगितलं होतं, हे सोडून बीएड करते म्हणून.” उत्तमने ‘बाळ’ असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने ते थांबवलं नाही, पण तिने वर पाहिलंही नाही, आणि तो शब्द तसाच राहिला.

“बघितलंस?” मॅडम रसिकाला म्हणाल्या. त्यांच्या सुरात राग नव्हता, उलट शिकवण्यातला जिव्हाळा होता. “मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. पेशंट सगळं सांगत नाहीत. तू म्हणालीस, हे सर तसे नाहीत. कळलं आता?”

“कळलं मॅडम.”

“चार्ट तुझा बरोबर होता, ते दिसलंच. एवढंच शिकायचं राहिलं होतं, तेही झालं. सोमवारी ये, कायम केल्याचं पत्र तयार ठेवते. आणि सर, तुमचं आता मी बघेन. पंधरा दिवसांनी फोनवर वजन कळवा. घरच्या काट्यावर केलं तरी चालेल.”

तो उठला. काय म्हणावं ते न सुचून ‘थँक्यू’ म्हणाला. पडदा बाजूला करून बाहेर आला तर पर्ल आत जायला उभीच होती; जाता जाता तिने त्याच्या दंडावर थोपटलं. तो बाकावर बसला आणि सँडलचा पट्टा लावायला वाकला. आताशा वाकता येत होतं. पडद्याआडून पर्लचा आवाज येऊ लागला, सकाळी पेज, दुपारी भात नि आमटी, एक मासा, चारला बिनसाखरेचा चहा, आणि मग बुधवारचं ते सगळं, घाम, काळोख, साखर. काही न गाळता सांगत होती ती. रसिकाचं पेन कागदावर चालल्याचा आवाज आला, मग थांबला.

“एवढंच?” रसिका म्हणाली.

“येवडाच.”

“नक्की, आंटी? येताना काही प्यायलात? खरं सांगा.”

“न्हाय गो. कशाला खोटा सांगू?”

मग रसिका अगदी शांतपणे, जणू रोजच विचारत असावी तशी, म्हणाली, “पिशवी दाखवा.”

पर्ल आधी मोठ्याने हसली. मग तिचं हसणं मध्येच तुटलं आणि चेन सरकल्याचा आवाज आला, कागद चुरचुरला. “ह्ये बग,” ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्या आवाजाची ती बाई आता हळू बोलत होती. “सुके बोंबील हायत. तुज्यासाठी आनलेते. दुसरा काय न्हाय.”

रसिका त्यावर काय म्हणाली ते ऐकायला उत्तम थांबला नाही. एक पट्टा तसाच लोंबत ठेवून तो जिना उतरला.